धुक्यात पुढे कोण?

मयूर विहार, दिल्ली
जानेवारी, मंगळवार

ती. वीणाताई,

तुझ्या पायांना (त्यातली डावी टाच हल्ली दुखते म्हणे, तिला जरा सांभाळून) क्षिप्राचा साष्टांग नमस्कार. साष्टांग हे उगाच लिहिलेलं नाही. परवा रविवारी सकाळी मी इथल्या रस्त्यावर खरोखर आठही अंगांनी जमिनीला टेकले, आणि तेव्हापासून उजवा पाय उशीवर ठेवून पडून आहे. भाऊजींचं पित्त आणि बाल्कनीतली जास्वंद ठीक आहे ना? हवेचं विचारत नाही. पुण्याची हवा छानच असणार. परवा फोनवर तू दुपारी पंखा लावल्याचं सांगितलंस तेव्हा मी दोन रजयांखाली होते आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. (आताही फोनच केला असता, पण तुझी लेक शेजारच्या खोलीत आहे आणि पत्र तिच्याचबद्दल आहे. आमचा नवरोबा राजीव गुरुवारी ऑफिसच्या कामाला पुण्याला येतोय, त्याच्या हाती पाठवते.)

मी चाळिशी उलटल्यावर स्केटबोर्डवर उभी राहिले तेव्हा तू किती हसली होतीस! पण दिल्लीत स्केटबोर्ड चालवणं म्हणजे काय, हे तुम्हा लोकांना कळायचं नाही. तुझी मयुरा शिकली ती पुण्यात, घोटून गुळगुळीत केलेल्या काँक्रीटवर, वर झाडाची सावली, संध्याकाळचा वारा. इथे मे महिन्यात अंग भाजणारी लू सुटते आणि डांबर इतकं मऊ होतं की चाक रुतून बसतं. जूनमध्ये आंधी येते आणि अर्धा राजस्थान चाकाखाली आणून टाकते. पावसात खड्डा कुठला आणि डबकं कुठलं कळत नाही, दिवाळीनंतर धुराने घसा बसतो, आणि जानेवारीत धुकं असं की आपलेच बूट दिसत नाहीत. त्यात फुटपाथच्या लाल टाइल्स डुगडुगणाऱ्या, आणि ज्याला गेट आहे त्याने गेटापुढे स्वतःचा स्पीडब्रेकर बांधलेला. म्हणून आमच्यात हवेत उड्या मारणाऱ्याला कोणी विचारत नाही. मोठी मऊ चाकं लावायची, गुडघे वाकवायचे आणि उभं राहायचं, बस. पहाटे उड्डाणपुलाखाली भेटायचं, पहिला येईल त्याने खडी झाडायची. धुराच्या दिवसांत वॉचमन हाकलेपर्यंत बेसमेंटच्या पार्किंगमध्ये. आंधी आली की ओढणी पसरून वाऱ्याबरोबर सुटायचं. (मी एकदा अशी पार पुढच्या डेअरीपर्यंत गेले, पाय न मारता. परत रिक्षाने आले, ते सोड.)

पण खरा मान धुक्यातला. धुक्यात आम्ही एकामागे एक रांगेने निघतो आणि सर्वांत पुढचा खड्डे ओरडून सांगतो. दाएँ गड्ढा, बाएँ नाली, आगे ब्रेकर. मागच्यांनी डोळ्यांवर नाही, त्या आवाजावर चालायचं. तीन हिवाळे हे काम माझं आहे. ग्रुप सुरू करणारा चिराग (नोएडात कुठल्याशा न्यूज चॅनेलला आहे) स्वतः म्हणायचा, आंटीजी आगे. त्या ‘आगे’साठी मी त्याला ‘आंटी’ माफ केली होती. ताई, ऑफिसात मी एचआर. लोक माझा मेल उघडतसुद्धा नाहीत. आणि इथे धडधाकट पोरंपोरी माझ्या एका हाकेवर वळायची!

आणि तू मयुराला पाठवलंस.

नोकरी नोएडात, मावशी मयूर विहारात, चलो, राहील आनंदाने, असं मीच म्हणाले होते. बोर्ड घेऊन आली तेव्हा मला वाटलं, बिल्कुल हरकत नाही, आठवड्यात हात टेकेल. खरं सांगते, मी वाट बघत होते ती कधी आपटते याची. एवढी जळले मी! पण तुझी लेक पडेना. तिने चाकं बदलली, गुडघे वाकवले, रोज माझ्या आधी पुलाखाली जाऊन झाडू मारायला लागली. (घरी स्वतःचा चहाचा कप विसळत नाही, हे तुझे संस्कार.) वर सगळ्यांना पोहे करून नेले. माझ्या किचनमध्ये, माझ्या पोह्यांचे! गेल्या आठवड्यात सर्दीने माझा घसा बसला होता, तर चिराग म्हणाला, आज मयुरा आगे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिचा आवाज खणखणीत, तुझ्यासारखा. शाळेच्या गॅदरिंगलाही पुढे तू आणि पडदा ओढायला मी, आठवतंय ना?

रविवारीही तीच पुढे. मी तिच्या मागे. नाक्याच्या अलीकडे ती ओरडली, बाएँ मत जाना, खुदाई है! मी मनात म्हटलं, कालची पोर मला रस्ता शिकवतेय? या रस्त्याचा खड्डा न् खड्डा मला पाठ आहे, डावीकडे काहीही नाही. आणि मुद्दाम डावीकडूनच गेले. तर रात्रीत कोणीतरी पाइप टाकायला रस्ता खणून ठेवला होता. दिल्लीतला रस्ता पाठ करून ठेवायचा नसतो, रोज नव्याने बघायचा असतो, आणि तिने झाडू मारायला जाताना तो बघितला होता. मी बोर्डासकट कमरेएवढ्या खड्ड्यात. पाठोपाठ तिने आत उडी मारली, स्वतःचं कोपर सोलून घेतलं. लोकांनी मला वर काढलं आणि सगळे तिला विचारायला लागले, ज्यादा लगी तो नहीं? यार, पडले मी होते!

असो. तूप पाठवू नकोस, इथे मिळतं. भाऊजींना नमस्कार.

तुझी धाकटी (आणि आता लंगडी),
क्षिप्रा

ता. क. येत्या रविवारी धुक्याची शेवटची मोठी फेरी, यमुनेच्या काठापर्यंत. पुढे कोण ते ठरायचंय. तर तू काहीही कारण काढून मयुराला शनिवारी पुण्याला बोलावून घे. टाचेचं दुखणं वाढलं म्हण, स्थळ आलंय म्हण. सोमवारी परत पाठव.

ता. क. २ (बुधवार) थांब, बोलावू नकोस. तिने चिरागला सांगून टाकलंय की पुढे मावशीच. मी बोर्डवर बसून ओरडायचं आणि तिने मला ओढणीने ओढत न्यायचं. सगळ्यांनी म्हणे टाळ्या वाजवल्या. तिच्यासाठीच वाजवल्या असणार.

ता. क. ३ (पाकिटावरच लिहितेय, आत जागा नाही आणि राजीव दारात उभा आहे) आत्ता माझा पाय चोळता चोळता मयुरा म्हणाली की एप्रिलपासून तिची पुण्याला बदली होऊ शकते, फक्त तिने हो म्हणायचंय, आणि ते ती तुला विचारून ठरवणार. ताई, नाही म्हण. तिने अजून लू बघितलेली नाही, आंधीत ओढणी कशी धरायची तेही मी शिकवलेलं नाही. तुझ्याकडे हवा आहे, रस्ते आहेत, सगळंच आहे गं. ही एवढी माझ्याकडे राहू दे.