मेक, डू, टेक आणि इतर शत्रू

३ मार्च
परदेशी गिऱ्हाइकांच्या तक्रारींचं टेबल साहेबांनी मला दिलं. महिनाभर ट्रायल. शेजारच्या टेबलावरची ज्युनिअर जळाली. आवाज बारीक, म्हणून मी तिला चिमणी म्हणतो (मनात). माझं "डू अ मिस्टेक" तिने सगळ्यांदेखत दुरुस्त केलं. मिस्टेक म्हणे मेक करतात. ऐकून घेतलं. विसरणार नाही.

५ मार्च
आपण चूक करतो, अभ्यास करतो, फोन करतो, लग्नही करतो. एका 'करणे'वर पिढ्या तरल्या. इंग्रजीत प्रत्येक नामाचं वेगळं क्रियापद. यात काहीतरी डाव आहे. उद्यापासून पहाटे उठून जोड्या पाठ.

६ मार्च, सकाळी साडेनऊ
बायकोने उठवलं नाही. घरातूनच पाय ओढतात. ती म्हणते, उठवलं होतं, तुम्ही उशी फेकून मारलीत. पुरावा काय?

११ मार्च
मुलीने विचारलं, होमवर्क मेक की डू? म्हटलं, मेक. हसली. सांगितलं, मी तुझीच परीक्षा घेत होतो. तिचा टीव्ही बंद केला.

१४ मार्च
चिमणीने जोड्या लिहून कागद माझ्या टेबलावर ठेवला. वर लिहिलेलं, "काका, उपयोगी पडेल." काका! चहाच्या कपाखाली घातला. उपयोगी पडला.

१९ मार्च, दुपारी
पहिला मोठा फोन. गिऱ्हाइकाला पंप फुटलेले मिळाले होते. डू म्हटलं नाही, मेक म्हटलं नाही. ठणकावून सांगितलं, "वी विल टेक ॲक्शन अगेन्स्ट यू, व्हेरी सून." समोरच्याने फोनच ठेवून दिला. याला म्हणतात छाप पाडणं. चिमणीने कपाळाला हात लावला. मत्सर, दुसरं काय.

२० मार्च
गिऱ्हाइकाच्या वकिलाची ईमेल: फुटके पंप पाठवून वर कारवाई आमच्यावरच का? चिमणीने साहेबांना समजावलं, काकांना 'तुमच्या तक्रारीवर' म्हणायचं होतं. माझी बाजू घेऊन भाव खाल्ला. मी साहेबांना विचारलं, पण टेक तर बरोबर होतं ना? साहेब म्हणाले, "टेक बरोबर होतं. टेबल रिकामं करा."

२४ मार्च
पॅकिंगला बदली. माझ्या टेबलावर चिमणी. निघताना तिने विचारलं, काका, खोकं उचलू लागू का? नको म्हटलं. गोदामात खिडकी नाही, कुणी बोलत नाही. इंग्रजी फक्त खोक्यांवर: धिस साइड अप. त्यात क्रियापदच नाही.
मी रचलेली सगळी खोकी उलटी निघाली.