चांदनीची वीण

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

सकाळी चहाच्या वेळी अ.ने फोन पुढे केला. "ही तुझी चांदनीच ना?"

चांदनीच. मांजरी गावच्या प्रतीकने व्हिडिओ टाकलाय. अंगणात चालतेय, पोट दिसायला लागलंय. खाली, "प्युअर पश्मी पपीज कमिंग सून." पुढे सात-आठ हृदयं.

दीड वर्षाची आहे ती. पहिलाच माज.

करारात स्वच्छ लिहिलंय. तीन वर्षांची होईपर्यंत वीण नाही. नर कोणता ते माझे कुत्र्यांतले गुरू यासीनचाचा आणि मी ठरवणार. स्टँप पेपरवर तिघांच्या सह्या आहेत. दोन महिन्यांचं पिल्लू मांडीवर घेऊन प्रतीक म्हणाला होता, "काकू, टेन्शनच घेऊ नका."

वही काढून बसले. ज्यांचे आईबाप, आजी-आजोबा मला नावानिशी ठाऊक आहेत असे पश्मी, लांब केसांचे शिकारी कुत्रे, आज अकरा. त्यात माद्या चार. एक म्हातारी. दुसरी आमची रेशीम, तिचं गर्भाशय काढावं लागलं. तिसरी लातूरला, तिला झटके येतात. उरली चांदनी. तिच्यासाठी नात्यात न बसणारा नर शोधायला मला वर्ष लागलं, तेव्हा कुठे मोहोळच्या मेंढपाळाकडचा राजा सापडला. २०२६च्या हिवाळ्यात जोडी लावायची असं पेन्सिलीने लिहून ठेवलंय.

अ. म्हणाला, "लग्नाआधी माझी वंशावळ एवढी बघितली असतीस तर वाचली असतीस." हसले नाही.

१० फेब्रु., सोमवार

विश्रांतवाडीहून मांजरी, रिक्षाने. डोकं तापलेलं. वाटेत काय काय बोलायचं ते जुळवत होते, आणि तिथे पोचल्यावर चांदनीने ओळखून शेपटी हलवली आणि सगळं विसरले. बरगड्या वर आल्यात. पश्मी बारीकच असतो, रस्त्यात लोक मला विचारतात, खायला घालत नाही का. पण हे बारीक वेगळं.

प्रतीक निवांत. बापाची बांधकामं, याचं इन्स्टाग्राम. "काकू, नर काय रस्त्यावरचा नाहीये. सुलतान आहे."

कोण सुलतान?

"अहो, चाचांचा सुलतान. त्यांनी स्वतः आणला होता डिसेंबरमध्ये. दोन दिवस ठेवला."

सुलतान चांदनीचा बाप आहे.

पाणी मागितलं, प्यायले, निघाले.

१२ फेब्रु.

लोणी काळभोरला गेले. अकरा वर्षं जातेय. सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये होते तेव्हापासून, दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी. चाचांनी गादीचं दुकान बंद केलं तेव्हाही मीच सोबत होते. पश्मी म्हणजे काय हे त्यांनी शिकवलं. कानावरचे केस कसे असावेत, छाती किती खोल हवी, पळताना पाठ कशी धनुष्यासारखी होते, सगळं. वही ठेवायची कल्पना माझी, पण वहीतलं निम्मं त्यांच्या डोक्यातलं.

खाटेवर बसले होते. पायाशी सुलतान. मी उभीच राहिले.

"चाचा, करारावर तुमची सही आहे."

"आहे."

"मग?"

"आमचे अब्बा असंच करायचे. बापाकडे बेटी दिली की रूप पक्कं होतं. तू बघच, पिल्लं झाली की कान बघ त्यांचे."

"रूप पक्कं होतं, आणि रोगही पक्का होतो. हे तुम्हाला मी किती वेळा..."

मग म्हणाले, आणि हे मी तसंच्या तसं लिहून ठेवते: "तुझी वही पाच वर्षं पुढे बघते, बेटा. मी चौऱ्याहत्तरचा आहे. मागच्या पावसाळ्यात दवाखान्यात होतो तेव्हा एकच वाटायचं, एकदा अब्बांच्या कुत्र्यासारखं कुत्रं बघून जावं."

दया यायला हवी होती. आली नाही. मला विचारलं असतं तर? मी नाही म्हणाले असते. म्हणूनच विचारलं नाही. माझ्या पाठीमागे, सुलतानला टेंपोत घालून, मांजरीला.

नसीम, त्यांची मुलगी, चहा घेऊन आली. चहा तसाच ठेवून निघाले. असं मी कुणाच्याच घरी करत नाही.

२३ फेब्रु.

वकिलांना करार दाखवला. म्हणाले, नोटीस पाठवता येईल, पण कोर्टात कुत्रीच्या वयाचं कुणी काय करणार. छान.

आज महिन्याचा शेवटचा रविवार. घरीच.

१ मार्च, शनिवार

सकाळी सव्वासातला प्रतीकचा फोन. आवाज फाटलेला. "काकू, चांदनीला काहीतरी होतंय. डॉक्टर उचलत नाहीयेत. प्लीज या ना."

गेले. जायचं नाही असं ठरवायलासुद्धा वेळ नव्हता. जुन्या चादरी, कात्री, दोरा, हातमोजे घेतले.

पाच पिल्लं, साडेअकरापर्यंत. चांदनीला काही कळत नव्हतं, पहिल्या पिल्लाला बघून मागे सरकली. स्वतःच अजून पोर आहे ती. शेवटचं पिल्लू निळं पडलेलं, चोळून चोळून श्वास लागला. तोंड उघडून बघितलं तर टाळू दुभंगलेली. दूध नाकातून येणार. प्रतीक मागून मोबाईल धरून उभा. "काकू, याचं रील खूप चालेल."

मी काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. त्याची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

४ मार्च

टाळूवालं गेलं. चार राहिली.

१९ मार्च

डोळे उघडलेत. तिघांचे ठीक. चौथीच्या दोन्ही बुबुळांवर पांढरट पडदा. पशुवैद्य म्हणाले, जन्मजात, दृष्टी येणार नाही. मी विचारलं, बाप-लेकीच्या जोडीमुळे? म्हणाले, खात्रीने सांगता येत नाही, पण नातं जितकं जवळचं तितकं असं वर येण्याची शक्यता जास्त.

म्हणजे बहुधा सुलतानमध्ये काहीतरी लपलेलं आहे. तसं असेल तर चांदनीतही. इतक्या वर्षांत मला कळलं नव्हतं. वहीत नव्या शाईने लिहिलं.

३१ मार्च, ईद

नसीम स्वतः डबा घेऊन आली, शीरखुर्मा. अकरा वर्षांत पहिल्यांदा ईदला मी लोणीला गेले नाही. "अब्बा रोज विचारतात, बाईंचा फोन आला का." मी म्हटलं, तुला मेसेज केला होता ते बुबुळांचं सांग त्यांना.

"सांगितलं. त्या दिवशी इफ्तारला फक्त खजूर खाल्ला."

रिकामा डबा परत द्यायचा नाही म्हणून करंज्या भरल्या. तेवढंच.

१४ एप्रिल

जयंती. सकाळी विहारात, मग मिरवणुकीची तयारी, पांढरी साडी. गर्दीत एक अनोळखी बाई गाठून म्हणाल्या, "तुमच्याकडे ती लांब केसांची कुत्री असतात ना? मांजरीचा एकजण तुमच्या नावाने पिल्लं देतोय, पेपर्ससकट." माझ्या नावाने.

२० एप्रिल, रविवार

प्रतीक घरी आला. पेढे आणि चार छापील प्रमाणपत्रं. सोनेरी किनार. "शुद्ध पश्मी, निवड-पैदाशीतून." खाली माझं पूर्ण नाव छापलेलं, सहीची जागा मोकळी. बापाच्या रकान्यात मोहोळचा राजा. मोहोळच्या राजाने चांदनीला पाहिलेलंसुद्धा नाही.

"लोकांना तुमचीच वही मान्य आहे, काकू. सही केली की चांदनी आजच घेऊन जा. मला ती आणि ते डोळ्यांचं पिल्लू, दोघींना सांभाळणं जमत नाहीये."

"आणि आंधळीचं प्रमाणपत्र?"

"तिचं लाइट सेन्सिटिव्ह आहे असं सांगू. मोठेपणी सुटतं."

खोटं सांगणार नाही. पेन हातात घेतलं होतं. टोपण काढलं होतं. चांदनी आज घरी आली असती, आणि तिच्याशिवाय सगळा आराखडा कागदच आहे. अ. पेपर वाचत होता, वाचत नव्हता.

मग आतून चार कोरी कार्डं आणली आणि प्रतीकसमोर लिहिली. बाप सुलतान. आई चांदनी, सुलतानची मुलगी. एका भावंडाची टाळू दुभंगलेली, एक आंधळी. पुढे वीण करू नये. चारही कार्डांवर सही केली, तारखेसह.

"ही घे. माझी सही पाहिजे होती ना."

कार्डं तशीच ठेवून गेला. पेढेही ठेवून गेला. अ. म्हणाला, "पेढ्यांचं काय करायचं, पैदाशीत मोजायचं का?" या वेळी हसले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

२९ एप्रिल

औंधहून फोन. एक तरुण बाई, गोड बोलत होती. पिल्लू घेतलंय, प्रतीकने माझा नंबर दिला, पेपर्स कधी मिळतील. सगळं सांगितलं. घाबरू नका म्हटलं, छान पाळा, भरपूर पळवा, फक्त पिल्लं होऊ देऊ नका.

"म्हणजे ती प्युअर नाही का?"

"प्युअर आहे हो. गरजेपेक्षा फार जास्त प्युअर आहे."

मग म्हणाली, ऑपरेशन कोणत्या वयात करायचं ते सांगाल? सांगितलं. बाकी दोघांचे नंबर तिच्याचकडून मिळाले. एकाने ऐकून घेतलं. दुसऱ्याने ब्लॉक केलं.

४ मे, रविवार

साडेदहाला नसीमचा फोन. "बाई, अब्बा सकाळी सातपासून मांजरीत बसलेत, त्या मुलाच्या फाटकासमोर. माझं ऐकत नाहीत. तुम्ही जाल का?"

ऊन असं की रिक्षाची सीट भाजत होती. चाचा फाटकासमोरच्या कडुनिंबाखाली दगडावर, डोक्यावर पंचा, हातात मोकळा पट्टा. शेजारी पाण्याची बाटली, अर्धी.

माझ्याकडे बघितलं, सरकून जागा केली. बसले. आतून चांदनी भुंकत होती, वास आला असणार. प्रतीक एकदा गॅलरीत आला, फोन कानाला, परत आत. दोनदा शेजारच्यांनी विचारलं, काय झालं. चाचा प्रत्येकाला तेच सांगत होते, शांतपणे: "मी चूक केली. माझा कुत्रा इथे आणला. आता पोरगी न्यायला आलोय." करार, प्रतीक, काही नाही. फक्त, मी चूक केली.

चार वाजता प्रतीकची आई बाहेर आली. एका हातात चांदनीची साखळी, दुसऱ्या हातात टोपली. टोपलीत आंधळी. "दोघी घेऊन जा. येणारे-जाणारे विचारतात, मला उत्तर देता येत नाही." प्रतीक दिसला नाही.

टोपली चाचांनी घेतली, चांदनी मी. एकच रिक्षा मिळाली म्हणून एकत्र फाट्यापर्यंत. ते म्हणाले, "बेटा." मी बाहेर बघत राहिले.

चूक केली आणि निस्तरली. निस्तरली म्हणून झालीच नव्हती असं होत नाही.

१२ जुलै

चांदनीचं वजन वाढतंय, हळू. कानाचे केस गळले होते ते येतायत. रेशीमने तिला अंथरुणाची अर्धी जागा दिलीय. नसीम सांगत होती, आंधळी अंगणभर पळते, फक्त चाचांच्या खोकल्याच्या दिशेने. सुलतानचं ऑपरेशन करून टाकलं, चाचा स्वतःच घेऊन गेले. मला कळवलं नाही.

२४ ऑगस्ट

मोहोळहून बिरू मेंढपाळाचा फोन. "मॅडम, राजा आता धा वर्साचा हाय. मागल्या पायानं लंगडतोय, खाणं बी कमी झालंय. तुमचं ते पुढल्या सालचं काय खरं न्हाई. बघा."

माझी पेन्सिलीची ओळ. २०२६, हिवाळा.

३१ ऑगस्ट

चांदनी माजावर आली. आजपासून दिवस मोजायचे.

३ सप्टेंबर

पशुवैद्यांकडे. तब्येत चालेल अशी आहे, चांगली नाही. "मला विचाराल तर हा माज सोडा. पुढचा सात-आठ महिन्यांनी." राजा तोवर टिकेल? "ते मला कसं सांगता येणार." वीर्य साठवून ठेवण्याचं विचारलं. पुण्यात कुत्र्याचं करणारं त्यांना कुणी ठाऊक नाही, आणि राजाला एवढा प्रवास झेपायचा नाही.

शिवाय बुबुळं. चांदनीत दोष लपलेला असेल तर पिल्लांतल्या काहींत तो जाणार, दिसणार नाही पण जाणार. राजा नात्यातला नाही म्हणून दिसण्याची भीती कमी. कमी. हा शब्द मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकला असता तर काय म्हणाले असते?

आज दोन वर्षांची आहे ती. करारात तीन लिहिलंय. तो करार मीच लिहिला होता.

७ सप्टेंबर, रविवार

रक्ताच्या तपासणीवरून योग्य दिवस मंगळवार-बुधवार. उद्या निघावं लागेल.

दुपारी चाचांचा फोन, फेब्रुवारीनंतर पहिला. मी उचलला. नसीमने सांगितलं असणार. मागे कुठेतरी आंधळीचं भुंकणं.

म्हटलं, "चाचा, काय करू?"

"तू ठरव. मी या बाबतीत आता बोलणार नाही."

संतापले. तोंडावर नाही, फोन ठेवल्यावर. जे विचारायला हवं होतं ते न विचारता केलं, आणि आज मी विचारतेय तर गप्प. चाळीस वर्षं कुत्री वाढवलेला माणूस, त्याला मत नाही?

अ.ला विचारलं. म्हणाला, "तू प्रतीकवर जितकी चिडलीस तितकी स्वतःवर चिडायची तयारी असेल तर जा." मग माझा चेहरा बघून म्हणाला, जायचं असेल तर मी सोबत येतो, आणि नाही गेलीस तरी इथेच आहे.

मोहोळसाठी गाडी सांगून ठेवलीय, सकाळी सहाची. रद्द करायची तर संध्याकाळी सातपर्यंत कळवा, म्हणाला ड्रायव्हर. बिरूचे दोन मिस्ड कॉल.

साडेसहा झाले. चांदनी दारात आडवी झोपलीय, पाय स्वप्नात पळतायत. रेशीम तिच्या मानेवर तोंड ठेवून.

सहा चाळीस.