डावीकडच्या खोलीसकट

मी, खाली सही करणारी, वय सेहेचाळीस, धंद्याने घरांचे नकाशे काढणारी, कोणाच्याही दडपणाखाली नसताना आणि पूर्ण भानावर असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. भानाबद्दल थोडा खुलासा करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. सहा वर्षांपूर्वी माझ्या मेंदूत रक्तस्राव झाला. तेव्हापासून डोळे धड असूनही डावीकडचे जग माझ्या ध्यानातच येत नाही. ताटातली डावीकडची भाजी मी भूक असूनही सोडते. धाकटी बहीण मुकाट्याने ताट फिरवते.

१. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्याला मी स्वतः काढलेला या घराचा नकाशा जोडला होता. त्यात डावीकडची खोलीच नव्हती. त्या खोलीत बहीण राहते. जन्मभर लोकांची घरे आखली आणि सख्ख्या बहिणीला बेघर केले. दादा म्हणाला, "हिचं डोकं ठिकाणावर नाही. हा कागद कोर्टात टिकायचा नाही." तो टिकला नाही, तर घर विकून वाटणी करायची, असे त्याच्या मनात फार दिवस आहे.

२. म्हणून या वेळी मोजणी एकदा आत जाताना आणि एकदा बाहेर येताना केली. जाताना हरवलेली भिंत येताना उजव्या हाताला सापडते. नवा नकाशा सोबत आहे. खोली आहे, खिडकीही आहे. संपूर्ण घर बहिणीचे.

३. ड्रॉइंग बोर्ड, पट्ट्या आणि पेने माझ्या भागीदारिणीला. ती माझा प्रत्येक नकाशा "डावीकडे बघितलंस का?" म्हणत तपासते. गेल्या वर्षी ती स्वतः जिना काढायला विसरली होती, आणि तिच्या मेंदूला काहीही झालेले नाही.

४. डाव्या हाताच्या व्यायामाचा रबरी चेंडू फिजिओथेरपिस्टला परत. तो त्यांनाच फेकून मारावा असे अनेकदा वाटले, हे नमूद करते.

५. दादाला काहीही ठेवलेले नाही. 'रागाने नव्हे' असे लिहिणार होते. पण थोडे रागानेही. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळत नाही तोच साक्षीदार चोख. म्हणून त्याला बोलावले. हे कलम त्याच्यासमोर बसून पुरे करते आहे. त्याने सगळे वाचले, नकाशावरून बोट फिरवले.

"म्हणजे मी सही केली, की उद्या मला तोंड उघडता यायचं नाही."

"नाही यायचं."

बहीण दारात उभी होती. दादाने एकदा तिच्याकडे पाहिले, मग चष्मा पुसला, मग माझ्यावरच डाफरला, "आधी तू कर सही. साक्षीदार आधी करतो होय?"

स्थळ : राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक : बारा जून

लिहून ठेवणारी : (सही)

साक्षीदार पहिले : घरचे डॉक्टर (सही)

साक्षीदार दुसरे : थोरला भाऊ (सही). लिहिणारी पूर्ण शुद्धीवर आहे. हट्टी आधीपासूनच होती.