वाळूतला एडका

१४ एप्रिल ९६, रवि.

आज वाळूत डॉज गाडी दिसली. आमचीच. म्हणजे आमची नव्हे, पण तीच ती.

मिलिंदने वाळूत नळ्या पुरून ठेवल्यात, पाणी किती मुरतं ते मोजायला. त्या रविवारीसुद्धा बघाव्या लागतात. बार्शीच्या दुष्काळातून उठून मी नवऱ्यामागे जपानला आले आणि पदरात काय, तर पुन्हा वाळूच. तोत्तोरीचं हे वाळवंट केवढं, तर तळहाताएवढं. शेजारी समुद्र, दिमतीला उंट, आणि त्याचं कौतुक असं की विचारू नका.

मि. नळ्यांकडे गेला, मी पार्किंगमध्ये. तिथे जुन्या अमेरिकन गाड्यांची रांग. म्हणे दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी हौशी लोक आणतात, वाळूकडे तोंड करून लावतात, फोटो काढतात, पुसतात, आपापल्या घरी जातात. एकमेकांशी बोलतही नाहीत फारसे. लांबलचक गुलाबी, निळ्या धुडांच्या टोकाला ही. बुटकी, गोल, बाटलीच्या रंगाची हिरवी. बॉनेटवर एडका, शिंगं वळवलेला.

वडील, आमचे अण्णा, गुरांचे डॉक्टर आणि गाडीवर एडका. गावोगाव ओरड व्हायची, "एडका आला, एडका आला!" पुढे मी, मागच्या सीटवर आजारी कालवड. तिने एकदा माझी शाळेची रिबन खाल्ली. अण्णा म्हणाले, "पचेल तिला. तू दुसरी घे."

संध्याकाळी फोन केला, कधी एकदा सांगते असं झालेलं. दादा म्हणाला, "अण्णा देवळात गेलेत."
अण्णा? देवळात?
"वयानुसार होतं गं तसं."
खूप हसले.

२८ एप्रिल, रवि.

परत तेच. "झोपलेत." दिवेलागणीला अण्णा झोपलेत! आम्हाला त्या वेळी नुसतं लवंडू द्यायचे नाहीत.

रुसले असणार. पाडव्याला गोड बातमी दिली तेव्हा चांगले बोलत होते. बाळंतपण इथेच करणार म्हटलं आणि तिथेच बिनसलं. रुसू देत. मलाही येतं रुसता.

१ मे

दवाखाना. डॉक्टर बराच वेळ बोलले, हातवारे करून. मि.ला विचारलं, काय म्हणाले? "सगळं छान आहे." एवढं बोलले त्याचं एवढंसंच? म्हणाला, जपानीत लांबण असते. असेल. माझं जपानी भाजीवालीपुरतं.

१२ मे, रवि.

आज गाडीच्या मालकिणीशी बोलले, निम्मं खुणांनी. मोरिता-सान. साठीच्या असतील, स्टेशनजवळ कॉफीचं दुकान. नवरा गेला, गाडी राहिली. त्याने ती तरुणपणी कुठल्या अमेरिकन लष्करी तळावरून घेतलेली. महिन्यातून एकदा बाहेर काढतात, नाहीतर ती रुसते म्हणाल्या. माझ्या पोटाकडे बघून बसायचा आग्रह केला.

मी सवयीने डावीकडचं दार उघडून बसले आणि समोर स्टिअरिंग! अण्णांची डॉज उजव्या हाताची, माझी जागा कायम डावी. ही अमेरिकन हाताची. मी ओशाळून उठायला लागले तर मोरिता-सान हसून उजवीकडे जाऊन बसल्या. "बसा, बसा. मीही पहिल्यांदा अशीच फसले होते."

मग स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. रेक्झिनचा वास तोच. आमच्या गाडीत त्याला फिनेल आणि शेणाची जोड असायची, तेवढी इथे नाही. हॉर्नच्या कड्याला हात लावला, वाजवला नाही.

अण्णा गल्लीच्या वळणावर वाजवायचे. दोन आखूड, एक लांब. आई चहा टाकायची, मी फाटक उघडायला धावायची. कधी चुकलं नाही.

एकदाच चुकलं.

१३ मे

काल लिहिता लिहिता थांबले. लिहून टाकते.

पुण्याला हॉस्टेलवर होते. परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन बाहेर आले तर रस्त्यापलीकडे डॉज. एवढ्या लांब अण्णा ती कधी आणत नसत. म्हणाले, "आईला जरा बरं नाहीये, चल." पुणे ते बार्शी सगळा रस्ता माणूस गुरांच्या लाळ्या-खुरकतावर बोलत होता. टेंभुर्णीला मला उसाचा रस पाजला. मी प्यायले! दोन ग्लास.

आमचं वळण आलं. अण्णांनी हॉर्न वाजवला नाही. तेव्हा कळलं.

आईला जाऊन आठवडा होऊन गेला होता. माझे पेपर होते म्हणून सांगितलं नाही. अख्ख्या घराने ठरवून. शेजारच्या काकू मला जवळ घेऊन म्हणाल्या, "तुझ्या भल्यासाठीच गं." त्या भल्याला आग लागो. पास झाले मी. फर्स्ट क्लास. काय करायचं त्याचं?

अण्णांवरचा तो राग कधी गेला नाही. ते लाडके आहेत आणि राग आहे, दोन्ही आहे.

९ जून, रवि.

पाऊस. गाड्या आल्या नाहीत.

फोन वहिनीने उचलला. दादा दुकानात. सहज विचारलं, डॉजवर ताडपत्री घातली का, गळतं तिथे. वहिनी म्हणाली, "अहो गाडी कुठंय आता? ती काढली ना. तिथंच खोली केली, बाईला रात्रीचं राहावं लागतं."
"कुठली बाई?"
दूध उतू जाईल म्हणाली.
"वहिनी, कुठली बाई?"
"...अण्णांचं करायला ठेवलीय ती. मृणाल, तुमच्या दादांना सांगू नका हं मी बोलले असं."

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पॅरालिसिसचा झटका. उजवी बाजू गेली. वाचा गेली.

देवळात गेलेत. झोपलेत. अंघोळीला बसलेत. बाजारात गेलेत. चांगलं चालवलंत मला, वाळूवरून.

१० जून

मि.ला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. दादाने लॅबमध्ये फोन केला होता.

"अशा अवस्थेत तुला कसं सांगणार होतो?"
"तोंडाने."
"डॉक्टर म्हणाले होते ताण नको."
"डॉक्टर आणखी काय काय म्हणाले जे मला सांगितलं नाहीस?"
खाली बघत राहिला.

मग दादाला फोन. झटका, वाचा, सगळं कबूल केलं. "तुझ्या भल्यासाठीच," म्हणाला. हेच, हेच शब्द. घराण्यात वारसाहक्काने येतात बहुतेक. म्हटलं, आईच्या वेळी मला अंधारात ठेवलं म्हणून तू अण्णांच्या नावाने बोटं मोडली होतीस, आठवतं? म्हणाला, "तेव्हा लहान होतो. आता कळतं, सांगणं किती अवघड असतं ते." अवघड कुणाला? तुला. मग भलं कुणाचं झालं ते बोल ना!

सगळे माझ्या पोटाशी बोलतात. माझ्याशी कोणी बोलत नाही.

आणि गाडी भंगारात दिली. अण्णांच्या खिडकीतून दिसत असणार ती नेताना. त्यांना बोलता येत नाही म्हणजे दिसतही नाही असं धरून चालले का हे?

२३ जून, रवि.

मि.शी कामापुरतं बोलते. "भात आहे." "छत्री ने." तो बिचारा चेहरा करून फिरतो. बिचारा मुळीच नाही.

परवा रागारागात जळणारा, न जळणारा, सगळा कचरा एकाच पिशवीत कोंबून टाकून आले. शेजारच्या आजीबाईंनी ती दारात आणून ठेवली, वर चिठ्ठी. आणि वाकून माफीही मागितली, त्रासाबद्दल. पिशवी उघडून वेगवेगळं करत बसले. नाकातोंडातून पाणी. कचऱ्यावर रडायची वेळ आली.

जावं असं फार वाटतं. एप्रिलमध्ये सांगितलं असतं तर उठून जाऊन आले असते.

५ जुलै

मि.ला म्हटलं, मला जायचंय, डॉक्टरांना विचार. विचारलं म्हणे, फोनवर, लॅबमधून. "नको म्हणाले."
"एवढंच?"
"एवढंच."

दादाही तेच. "आता इतकी थांबलीस, तर बाळंत होऊन, बाळाला घेऊनच ये." थांबले नाही मी. थांबवलीत.

तोवर अण्णा असतील का, हे कुणी बोलत नाही.

१२ जुलै

मोरिता-सानच्या दुकानात गेले. मोडकंतोडकं सांगितलं. वडील. आजारी. त्यांची गाडी अशीच होती. हॉर्न ऐकवायचाय. त्या कप पुसत होत्या, त्या पुसतच राहिल्या. शेवटी एवढंच विचारलं, "फोन कुठला?"

१४ जुलै, रवि.

मोरिता-साननी गाडी रांगेत लावलीच नाही. सरळ खेळणी-आइस्क्रीमच्या दुकानाबाहेर, परदेशी फोन लागतो त्या करड्या डब्याला चिकटून. पार्किंगवाला धावत आला. या कमरेत वाकवाकून त्याची माफी मागत राहिल्या आणि गाडी तसूभर हलवली नाही. शिकायला हवं हे.

दादाने उचलला.
"अण्णांच्या कानाला लाव."
"मृणाल, त्यांना उगाच त्रास—"
"लाव म्हणते ना."

रिसीव्हर मि.च्या हातात दिला. म्हटलं, इतके महिने तोंड बंद ठेवायला जमलं, आता हात वर धरून ठेव. त्याने धरला, वायर पुरेल तेवढा खिडकीशी आणून. मी डावीकडून आत बसले. या वेळी चुकून नाही.

दोन आखूड. एक लांब.

अख्ख्या पार्किंगने माना वळवल्या. उंटानेसुद्धा. माझ्या पोटात बाळाने अशी काही उसळी घेतली की पुढचा श्वास घेता येईना.

रिसीव्हर ओढून घेतला. पलीकडे श्वास. दादाचा नव्हे. मग एक आवाज, शब्द नाही, घशातून नुसता. मी म्हटलं, "अण्णा, मला कळलंय. सगळं कळलंय." परत तो आवाज. मोठा.

मग दादा. "रडतायत. झालं तुझं समाधान?"
"काय म्हणतायत?"
"म्हणतायत येऊ नकोस. जिवाला जप."
"दादा, त्यांची वाचा गेलीय. तूच सांगितलंस. मग हे म्हणतंय कोण?"



घरी येऊन बॅग काढली. पलंगावर उघडी आहे. मि. दारात उभा राहून बघत होता. "आणि डॉक्टर नाहीच म्हणाले तर?"

उद्या सकाळी दवाखान्यात जायचं आहे, दोघांनी. त्याला म्हटलं, डॉक्टर जे बोलतील ते शब्दन्‌शब्द मला सांगायचं. चांगलं असो, वाईट असो, गाळायचं नाही.

हो म्हणाला. खाली बघून म्हणाला.