काळ्या बुटांची जागा

३ ऑक्टोबर

पोचलो! खोली लहान, खिडकी मोठी. सहा महिने, दोन माणसं, एकच बॅग. लेक म्हणाली होती, "बाबा, तुम्हाला नाही जमायचं. तुमच्या टायांनीच बॅग भरेल." जमवलं! चार शर्ट, दोन पँटी, एक स्वेटर आणि मी स्वतः शिवलेला कोट — एका बाजूनं राखाडी, उलटा घातला की निळा. जन्मभर लोकांचे सूट शिवले ते काय फुकट? कपडे थोडे असले तरी चालतात, एकमेकांशी पटले पाहिजेत. माणसांचंही तसंच, असं ही म्हणते.

संध्याकाळी हिनं बॅगेची आपली बाजू उघडली आणि थांबली. "अहो, माझा निळा स्वेटर?"

"विसरली असशील," मी म्हणालो.

४ ऑक्टोबर

इथे तरी खरं लिहितो. निघायच्या दिवशी बॅगेचं वजन जास्त भरलं. माझे काळे बूट काढायचं ठरलं, तपकिरी पायात होतेच. काढलेसुद्धा. पण ही आंघोळीला गेली आणि मला राहवेना — काळ्या पँटीखाली तपकिरी बूट! बूट परत आत घातले. तिच्या बाजूचा स्वेटर काढला आणि माझ्या कपाटात शर्टांमागे कोंबला. म्हटलं, तिकडे गेल्यावर सांगू, चार शब्द ऐकून घेऊ, नवा घेऊन देऊ. ऐन वेळी तोंडातून निघालं ते भलतंच.

बूट बघून म्हणाली, "हे काढले होते ना?" म्हटलं, "बसले मग वजनात." खोटं एकटं येत नाही, गोतावळा घेऊन येतं.

७ ऑक्टोबर

थंडी वाढली. ही माझा स्वेटर घालून फिरते. बाह्या दुमडलेल्या, खांद्याची शिवण पार दंडावर उतरलेली. माझ्या हाताखालून असं कुणी दुकानाबाहेर गेलं नसतं.

घरमालकीण जिन्यात म्हणाली, "काका, काय टापटीप राहता हो तुम्ही! एवढ्याशा बॅगेत मावतं कसं सगळं?" ही शेजारीच उभी. हसली. मी खाली बघितलं तर बूट चकाकत होते मेले!

नवा स्वेटर घेऊ म्हणालो. "नको. आधी मी तो विसरले कशी, ते मला कळू दे."

९ ऑक्टोबर

ही कशाला घाबरली आहे ते आज कळलं. तिची आई! आधी वस्तू विसरायच्या, मग रस्ते, मग आम्हाला. तो स्वेटर त्यांनी विणलेला शेवटचा.

"मी घडी घातली, वर मोजे ठेवले — मला डोळ्यांसमोर दिसतंय. न झालेलं पण दिसायला लागलं का हो मला?"

तेव्हा सांगायचं की नाही? "उगीच मनात काही आणू नकोस" म्हणालो आणि तिच्यासाठी चहा टाकला. चहा!

१४ ऑक्टोबर

शेगडी दोनदोनदा बघून येते. आज किल्ली हातात धरून किल्लीच शोधत होती. एरवी काखेत कळसा म्हणून चिडवलं असतं, आज किल्ली घेऊन मीच दार उघडलं. भाजी घेऊन येताना आपल्याच गल्लीच्या तोंडाशी थबकली. "डावीकडेच ना?" आजवर मला रस्ते ती सांगायची.

हे सगळं माझं पाप. तिचा स्वतःवरचा भरवसा मी उसवला, आता एकेक टाका सुटतोय.

१५ ऑक्टोबर

आज काळे बूट घातले नाहीत. त्यानं काय होतंय!

१८ ऑक्टोबर

लेकीचा व्हिडिओ कॉल. आम्ही नाही तोवर ती आमच्याच घरी राहतेय. ही तिला म्हणाली, "परत आले की मला डॉक्टरांना दाखव गं. आजीसारखं वाटतंय." लेक मला म्हणाली, "बाबा, तुम्हाला काही जाणवतं का?"

"छे! मस्त आहे सगळं." तो स्वेटर तिच्या मागच्या कपाटात, आणि मी मस्त आहे म्हणतोय!

नंतर आरशासमोर कोट उलटासुलटा करून पाहिला. कुठल्याच बाजूनं बरा दिसलो नाही. लाज वाटते. एका बुटाच्या जोडासाठी!

२० ऑक्टोबर

सांगितलं! नाश्त्याच्या वेळी, एका दमात, तिच्याकडे न बघता.

"बुटांसाठी?" तिनं विचारलं.

"हो."

"बुटांसाठी तुम्ही मला वेडी होऊ दिलंत?"

रडली. मग उठली, काळे बूट उचलले आणि दाराबाहेर भिरकावले. एक तर जिन्यावरून गडगडत खाली गेला. आणि मग जी हसायला लागली ती थांबेचना. "म्हणजे मी ठेवला होता! अहो, मी ठेवला होता!" लगेच लेकीला फोन. तिनं माझं कपाट उघडून स्वेटर दाखवला. मला ती जे बोलली ते इथे लिहीत नाही. वाजवीच बोलली.

दुपारी ही गाढ झोपली, इथे आल्यापासून पहिल्यांदाच. उद्या लोकर आणायला जायचंय. स्वतःच विणीन म्हणते, आणि बॅगेत बुटांच्या जागी लोकर ठेवीन म्हणते. बोलण्यात पुन्हा पहिल्यासारखी धार! मान वर करायची सोय नाही, पण छातीवरचं ओझं उतरलं.

२१ ऑक्टोबर

सकाळी उठलो तर हिनं अख्खी बॅग पलंगावर उपडी केलेली.

"अहो, माझा निळा स्वेटर कुठे दिसत नाही. घेतला होता ना मी?"

मी हसलो. म्हटलं, टोमणा मारतेय. ती हसली नाही.