खंडेनवमीची सुट्टी आणि दोन कॉम्प्युटर

दर्यापूर,
कोजागरीनंतरचा शुक्रवार

तीर्थस्वरूप भाऊजींना धाकट्या साळीचा, म्हणजे गीतांजलीचा, वाकून नमस्कार.

इकडे सगळं बरं आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुमची शुगर कशी आहे? सुभद्राताई सांगते की तुम्ही गोड सोडलं, फक्त शर्ट धुवायला घेतला की खिशात सोनपापडीचा चुरा निघतो. (मी कोणाजवळ बोलले नाही.) आईचा गुडघा आता चांगला चालतो. ती माझ्याजवळ मजेत आहे आणि तुमची रोज आठवण काढते, विशेषतः कोणाकडचा चहा पातळ निघाला की. खरं तर फोनच केला असता. पण फोनवर तुम्ही ऐकत नाही, नुसतं सांगता. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

तर आमच्या माती परीक्षण केंद्रात तीन कॉम्प्युटर आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. (मागे आलात तेव्हा तिन्हींच्या वायरी ओढून पाहिल्या होत्या. तुम्ही विजेच्या खात्यातून रिटायर झालात, हात मात्र अजून नोकरीवर आहेत.) त्यांच्यातली जुनी विंडोज येत्या मंगळवारनंतर कंपनी सांभाळणार नाही. म्हणजे ती चालेल, पण आजारी पडली तर औषध नाही. अमरावतीच्या साहेबांनी याचा असा धसका घेतला की हुकूमच काढला: दसऱ्याच्या आत नवी विंडोज टाका, नाहीतर दर्यापूरचं केंद्र बंद करून सगळं अमरावतीला आणतो, तुमच्यासकट. भाऊजी, मला दर्यापूर सोडवत नाही. इथल्या मातीच्या पिशवीत हात घातला की ती कोणत्या शिवारातली हे मी रिपोर्टाआधी सांगते. अमरावतीत मला कोण विचारणार?

म्हणून मी अकोल्याहून कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या जहीरभाईंना बोलावलं. ते आले नेमके खंडेनवमीला. एक कॉम्प्युटर त्यांनी पाहताक्षणी बाजूला सारला. म्हणाले, "मॅडम, हा बुढ्ढा नाई घेत. याच्यात ती चिपच नाई." बाकी दोघांत नवी विंडोज चढायला लावली आणि "टक्के आपोआप वाढत राह्यतीन, तुमी फक्त हात नका लावू" असं बजावून ते नांदगाव खंडेश्वरला दुसऱ्या कामाला गेले. मी टक्के बघत बसले. दूध उतू जाण्याची वाट बघावी तसं ते काम आहे, बघत बसलं की काही होतच नाही.

एवढ्यात आमच्या माणिकबाई झेंडूच्या माळा आणि हळदकुंकू घेऊन आल्या. (केंद्र झाडण्यापासून साहेबांना घाबरवण्यापर्यंत सगळं त्याच बघतात.) माती काढायचा गिरमिट, तराजू, चाळण्या, सगळं पुजून झालं आणि कॉम्प्युटरपाशी येऊन त्या थबकल्या. "मॅडम, हे कावून चालून राह्यलं? आज औजाराले सुट्टी असते ना?"

आता इथे, भाऊजी, मला तुमची आठवण झाली. मागच्या खंडेनवमीला तुमच्याकडे मी चटणीसाठी मिक्सर लावला, तर तुम्ही धावत येऊन पिन उपटली होती आणि वर्षभर राबणाऱ्या यंत्राचा एक दिवसाचा आराम यावर असं भाषण दिलं होतं की वरण गार झालं. (चटणी शेवटपर्यंत झाली नाही.) तुमचा तो चेहरा डोळ्यांपुढे आला आणि माझा हात आपोआप पिनेकडे गेला. यूपीएस केकाटायला लागला, तर माणिकबाईंनी त्याचंही बटण दाबून त्याला सुट्टी दिली. मग आम्ही मन लावून पूजा केली.

संध्याकाळी जहीरभाई परतले. समोर दोन काळे स्क्रीन, दोघांच्या गळ्यात झेंडूच्या माळा, पुढे उदबत्ती. माणूस दारातच चपला काढून मान खाली घालून उभा राहिला. "कोण गेलं, मॅडम?" आम्ही स्क्रीनकडे बोट दाखवलं. त्यांनी दोन्ही चालू करून पाहिले आणि मग ते म्हणाले, "पूजा चांगली झाली." नवी विंडोज अर्धी चढली होती, जुनी अर्धी उतरली होती. तेव्हापासून हरभऱ्याच्या पेरणीआधीचे सगळे रिपोर्ट तो बुढ्ढा एकटा काढतो आहे. त्याला कोणी हार घातला नव्हता.

जहीरभाई दोन्ही डबे दुरुस्तीला अकोल्याला नेत आहेत. पत्र त्यांच्याच हाती देते आहे. त्यांना चहा पाजा, ते अजून त्या धक्क्यात आहेत.

तुमची,
गीतांजली

ता. क. साहेबांनी विचारलं की चालू काम कोणाच्या सल्ल्याने बंद केलं. मी कळवलं, विद्युत क्षेत्रातले अनुभवी जाणकार श्री. नत्थुजी, अकोला, यांच्या. (मिक्सरचा उल्लेख टाळला.) सोमवारी साहेब तुम्हाला फोन करतील. तुम्ही फक्त "हो, मीच सांगितलं" एवढं म्हणा. भाषण देऊ नका.

ता. क. २. म्हणायला जड जात असेल तर आग्रह नाही. माझी बदली होईल, मी अमरावतीला एका खोलीत राहीन आणि आई तुमच्याकडे येईल. तिची तयारी आहे. चहाची पावडर ती स्वतःची आणणार आहे.

ता. क. ३. यातलं ताईला काही विचारू नका. तिने आईसाठी खोली कालच झाडून ठेवली आहे.