अर्ध्या मिशीचा परवाना

तीर्थस्वरूप रामकिसन दाजी यांच्या पायाशी टेंभुर्णीहून बद्रीनाथाचा दंडवत. चिखलीस तुम्ही, गोजरअक्का आणि तुमचा दुखरा गुडघा, तिघंही सुखात असावेत. इकडं दुकान, म्हैस आणि घरधनीण सोनूबाई ठीक आहेत. (सोनूबाई माझ्याशी बोलत न्हाई, पण तब्येत बराबर आहे.) आमच्या लेकीचं, द्वारकाचं लग्न जमलं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव घाबरा व्हायचा न्हाई.

तुम्ही घेऊन दिलेली, केस काळे करायच्या कलपाच्या बाटल्यांची पेटी घेऊन चिखलीहून निघालो, तेव्हा वाटलं, येत्या बाजारात सगळ्या टेंभुर्णीचं म्हातारपण पुसून टाकीन. पण इंग्रजाची हद्द संपून निजामाची लागली की करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका येतो, आणि तिथं दारोगा मुनीरसाहेब बसतात. माणूस लाखात एक. चहा पाजतात, लेकराबाळांची चौकशी करतात, आणि कायदा तसूभर सोडत न्हाईत. बाटली उजेडात धरून म्हणाले, "सेठ, ही दवा असेल तर हकिमाचा दाखला पाहिजे. रंग असेल तर महसूल वेगळा. आणि जहर असेल तर बिलकुल मना."

मी म्हटलं, साहेब, केसाला लावायचं आहे. ते म्हणाले, "जहरही केसाला लावता येतं." मंग मीच म्हणालो, माझ्या मिशीला लावून बघा. (दाजी, ही अक्कल माझीच. कुणी जबरदस्ती केली न्हाई.) मुनीरसाहेबांनी उजव्या बाजूला लावू दिलं आणि डावी ताडून बघायला पांढरी ठेवली. दुपारभर मी नाक्याच्या कडुलिंबाखाली बसून राह्यलो. मेलो न्हाई. उजवी मिशी मात्र अशी काळीभोर झाली, की नाक्यावरचा शिपाई जाताना एका बाजूनं आणि येताना दुसऱ्या बाजूनं, दोन निराळी माणसं समजून मला रामराम करून गेला.

मुनीरसाहेबांनी पेटीला मोहर लावून ती नाक्यावर ठेवून घेतली. फोडलेली बाटली मला परत दिली, कारण उघड्या बाटलीवर मोहर बसत न्हाई. पण ती विकायची न्हाई, अशी ताकीद दिली. विक्रीचा परवाना भोकरदनच्या तहसिलीतून. तिथल्या पेशकारानं माझं तोंड नीट न्याहाळून अर्जाच्या मिसलीत लिहिलं, की मालाचा नमुना अर्जदाराच्या तोंडावर आहे, निकाल लागेपर्यंत त्यात फेरफार करू नये. म्हणजे रंगवायची न्हाई आणि काढायचीही न्हाई. सोनूबाईनं न्हाव्याला बोलावून आणलं, तर मी म्हणालो, हा सरकारी पुरावा आहे. तेव्हापासून ती बोलत न्हाई.

अशात केदारखेड्याचे काकासाहेब आपल्या लेकासाठी द्वारकाला बघायला आले. मागचं स्थळ जुळता जुळता मोडलेलं तुम्हाला ठाऊकच आहे, त्यामुळं मी डावा गाल भिंतीला लावून बसलो. पान दिलं, चहा दिला, सगळं भिंतीला धरून. द्वारका पोहे घेऊन आली, तेव्हा काकासाहेबांनी तिलाच विचारलं, "तुझे वडील असे भिंतीला का चिकटले?"

ती सरळ म्हणाली, "त्यांची अर्धी मिशी सरकारजमा आहे."

मला वाटलं, हेही मोडलं. पण काकासाहेब इतके हसले, की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, "अशी खरं बोलणारीच सून पाहिजे होती." सुपारी फुटली, आणि दाजी, मी गोठ्यात जाऊन डोळे पुसून आलो. निघताना त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ती फोडलेली बाटली कुठं आहे. विकायची बंदी होती, द्यायची न्हाई. म्हणून दिली.

एकूण काय, कायदा माणसाच्या भल्यासाठीच असतो. ह्यापुढं नाक्यावर दाखवल्याशिवाय सुईसुद्धा आणायची न्हाई, असं ठरवलं आहे. अक्काला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला,
बद्रीनाथ

ता. क. : भोकरदनचा हुकूम आला. मिशी सुटली, पेटी न्हाई. बाटलीवर उर्दूत छापलेली चिठ्ठी लागल्याशिवाय विक्री मना. छापखाना औरंगाबादेत, आणि लग्न तोंडावर.

आणखी ता. क. : त्या बाटलीत अर्ध्याच मिशीपुरतं उरलं होतं. काकासाहेबांनी डावी रंगवली. आता व्याहीभेटीला आम्हां दोघांत मिळून एकच काळी मिशी भरते. तेव्हा अक्का लग्नाला येईल तिच्याबरोबर कलपाची एक बाटली लोणच्याच्या बरणीत, तळाला दडवून पाठवा. सोनूबाईचंही हेच म्हणणं आहे. (ह्या एका गोष्टीवर ती बोलली.)

शेवटचा ता. क. : मुनीरसाहेबांनाही आवतन दिलं आहे. ते नाक्यापासून अक्काच्याच छकड्यात बसून येणार आहेत. त्यांना आंब्याचं लोणचं फार आवडतं. बरणी लिंबाच्या लोणच्याची असू द्या.